शुद्धीत विसरणारा

जयेश टिपणीस संध्याकाळी घरी आला की त्याची आई दारातच गूळ-पाणी घेऊन उभी असायची. नोएडातल्या चौदाव्या मजल्यावर, लिफ्टनं वर आलेल्या माणसाला, तेही हाडं गोठवणाऱ्या थंडीत, गूळ-पाणी कशाला हवं, असं कुणी विचारलं असतं तर कुमुदिनीबाईंनी "बाहेरून आलेल्याला द्यावं, आपली रीत आहे" एवढंच सांगितलं असतं. रीत वगैरे सगळं म्हणायला. त्या वाटी पुढे करायच्या, त्याच्या अगदी जवळ उभ्या राहायच्या आणि "आज काय काय केलंस रे?" असं विचारायच्या. जयेश उत्तर द्यायला तोंड उघडायचा, तेवढ्यात बाईंच्या नाकपुड्या हलायच्या. मग त्या "हं" म्हणून आत जायच्या आणि सुनेला, सुखदाला, नुसती मान हलवून काय ते कळवायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार रोज चालायचा, आणि असं काही चालतच नाही असं घरातली तिन्ही मोठी माणसं दाखवायची.

त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला आपली आई आपलं तोंड हुंगते हे न कळायला काय झालं? पण तक्रार कुठल्या अधिकारानं करायची? बारा वर्षं तो प्यायला होता, आणि त्यातली शेवटची चार तर अशी, की सोसायटीचे गार्ड त्याला नावापेक्षा वजनानं जास्त ओळखायचे. मग सुखदानं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तो बाहेर आला त्याला आता दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात त्यानं एक थेंब घेतला नव्हता. घेणारही नव्हता, कारण केंद्रातून आणताना सुखदानं शांतपणे सांगितलं होतं, "आता एकदा जरी प्यालास तर मी अक्षयाला घेऊन पुण्याला जाईन. भांडणार नाही, चर्चा करणार नाही, जाईन." सुखदा आयटी कंपनीत होती, तिला पुण्याच्या ऑफिसात बदली मागता येत होती, आणि ती पोकळ धमक्या देणाऱ्यांतली नव्हती.

तर दारू सुटली. पण दारुड्याची म्हणून घरानं जी लक्षणं पाठ केली होती, ती सगळी जागच्या जागी राहिली. चाव्या फ्रीजमध्ये सापडायच्या. गॅसवर दूध ठेवून जयेश बाल्कनीत जायचा आणि दूध जळाल्याचा वास मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांत पोचला तरी त्याला पत्ता नसायचा. समोरचा बोलत असताना मध्येच त्याचे डोळे भलतीकडे जायचे. खिशातला चष्मा तो घरभर शोधायचा, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसा. असं काही झालं की घरातल्या दोन्ही बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि त्या संध्याकाळी गूळ-पाणी जरा जास्तच जवळून मिळायचं.

आता खरं सांगायचं तर ही लक्षणं दारूची नव्हतीच. ती दारूच्या कितीतरी आधीपासूनची होती. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, जयेशला आणि त्याच्या आईला. आणि दोघंही त्याबद्दल एकमेकांशी कधी एक अक्षर बोलले नव्हते.

चिंचवडच्या शाळेत जयेश रोज काहीतरी हरवून यायचा. पेन्सिल, डबा, रेनकोट, एकदा तर एक बूट. वर्गाच्या बाई म्हणायच्या, मुलगा हुशार आहे हो, पण जागेवर बसत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, पालथ्या घड्यावर पाणी. कुमुदिनीबाई वर्गाबाहेर मान खाली घालून ऐकायच्या आणि घरी नवऱ्याला "सगळं छान चाललंय म्हणाल्या बाई" असं सांगायच्या. कारण नवऱ्याचा हात लगेच उठायचा. मग त्यांनीच एक उपाय काढला. दुपारी अभ्यासाच्या वेळी जुन्या साडीच्या काठानं त्या पोराचा पाय टेबलाच्या पायाला बांधायच्या. घट्ट नाही, उठला की कळावं इतपत. पाढे झाले की सोडायच्या, आणि बाबा फॅक्टरीतून यायच्या आत काठ कपाटात जायचा. पहिलीपासून चौथीपर्यंत हे चाललं. जयेशला बरेच दिवस वाटायचं की सगळ्याच मुलांना बांधतात. पुढे तसं नाही हे कळल्यावर त्यानं ते मनातच गाडून टाकलं, आणि आईनंही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाईंचं आयुष्यभराचं धोरण होतं.

त्या धोरणानंच जयेशचं लग्न जमलं. सुखदाकडे बघायच्या कार्यक्रमाला तो अर्धा तास उशिरा पोचला होता, कारण वाटेत भलत्याच बसमध्ये बसला होता. तरी कुमुदिनीबाई सुखदाच्या वडिलांना हसत म्हणाल्या, "ट्रॅफिक हो. नाहीतर आमचा जयेश म्हणजे घड्याळ. लहानपणापासून वस्तू जिथल्या तिथे." सुखदाला हे वाक्य फार आवडलं होतं. तिनं नंतर ते त्याला कितीदा तरी ऐकवलं, आधी हसून आणि मग हसल्याशिवाय.

दिल्लीला तो वृत्तवाहिनीत व्हिडिओ एडिटर म्हणून आला, आणि तिथे तो चक्क चमकला. बातमी हवेत जायला पाच मिनिटं आहेत, सगळे ओरडतायत, फुटेज आत्ता आलंय, अशा वेळी जयेशचं डोकं लख्ख चालायचं. बाकीच्या वेळी त्या डोक्यात एकाच वेळी चार टीव्ही लागलेले असायचे. कुठल्याशा पार्टीत पहिल्यांदा दोन पेग घेतले आणि चारातले तीन बंद झाले. लोक मजा म्हणून पितात, गम म्हणून पितात. जयेश प्यायला तो आवाज बंद व्हावा म्हणून. इतकी शांतता त्याला कुणीच कधी दिली नव्हती, मग तो तिच्या मागं गेला तर नवल काय?

केंद्रातून परत आल्यावर वाहिनीनं त्याच्यावर उपकार केले. त्याला ताण नको म्हणून आरडाओरड्याच्या खोलीतून काढून जुन्या फुटेजला नावं देण्याच्या कामावर बसवलं. थंड खोली, कानाला हेडफोन, दिवसभर कुणी बोलायला येत नाही. दुसऱ्या कुणाला ते काम म्हणजे पेन्शन वाटली असती. जयेशला ते त्या टेबलाच्या पायासारखं होतं. पण चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं? तो तिथं बसून राहायचा, चारही टीव्ही चालू ठेवून, आणि न पिता घरी यायचा. ह्यात केवढी मेहनत होती हे कुणाला दिसत नव्हतं, कारण न प्यायलेलं दिसत नाही, विसरलेलं मात्र दिसतं.

मग तो शनिवार आला.

अक्षया, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, दुसऱ्या एका सेक्टरमध्ये कथकच्या क्लासला जायची. शनिवारी तिला आणायचं काम जयेशचं. तो वेळेत निघाला. चांगला आधी निघाला, कारण स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून वॉशर घ्यायचा होता. दुकानदारानं काउंटरवर एक गीझर उघडून ठेवला होता आणि तो त्याला चालू होत नव्हता. जयेश म्हणाला, "दिखाइए ज़रा." एवढंच. फोन गाडीत होता. गीझरच्या पोटात तो जो शिरला तो शिरलाच. थर्मोस्टॅट, तारा, कुठलासा गंजलेला स्क्रू. त्याच्या डोक्यात कितीतरी महिन्यांनी एकच टीव्ही चालू होता आणि तो गीझरचा होता. गीझर तापायला लागला तेव्हा दुकानदारानं चहा मागवला. जयेश खुशीत वॉशर घेऊन घरी आला, गाडी लावली, वर आला, आईनं दिलेलं गूळ-पाणी घेतलं आणि सरळ नळाखाली जाऊन बसला.

सुखदा आत आली आणि म्हणाली, "अक्षया कुठाय?"

जयेशच्या हातातून पाना पडला.

अक्षया क्लासच्या बंद गेटबाहेर गार्डच्या खुर्चीवर बसलेली सापडली. क्लासच्या बाईंनी दोघांनाही फोन केले होते, पण सुखदा मीटिंगमध्ये होती आणि जयेशचा फोन गाडीत वाजत होता. मग बाई गार्डला सांगून निघून गेल्या होत्या. अंधार पडला होता. पोरीनं घुंगरांची पिशवी पोटाशी धरली होती. ती रडली नाही. गाडीत म्हणाली, "गार्डवाले भैयांनी मला बिस्किट दिलं. ते म्हणाले, पापा बिज़ी होंगे." आणि मग खिडकीतून बाहेर बघत बसली. जयेशला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

घरी सुखदानं सासूकडे पाहिलं. कुमुदिनीबाईंनी मान हलवली. वास नव्हता. सुखदा सोफ्यावर बसली.

"प्यायला असतास तर मला समजलं असतं," ती म्हणाली. "खरंच सांगते. चिडले असते, गेले असते, पण समजलं असतं. शुद्धीत असताना तू आपल्या मुलीला विसरलास, जयेश. ह्याचं मी काय करू?"

हे वाक्य जयेशच्या काळजात जे रुतलं ते निघेना.

पुढच्या तपासणीला त्यानं हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर क्षिप्रा माथुर केंद्रातून सुटल्यापासून त्याला बघत होत्या. गीझरची गोष्ट ऐकून त्यांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं, "बचपन से ऐसे हैं आप?" मग पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटी त्या म्हणाल्या की ह्याला एडीएचडी म्हणतात. लोक समजतात तो पोरांचा आजार, पण कितीतरी जणांत तो मोठेपणीही राहतो. दारूच्या आहारी गेलेल्यांत तो बराच सापडतो. आणि तो ओळखला गेला नाही, त्यावर उपाय झाला नाही, तर सोडलेली दारू पुन्हा लागण्याचा धोका वाढतो, कारण माणूस किती दिवस दात-ओठ खाऊन काढणार? औषधं आहेत, सवय न लावणारीही आहेत. मात्र हा आजार लहानपणापासून असावा लागतो. तेव्हा लहानपण पाहिलेलं कुणीतरी हवं.

"माँ हैं न आपकी? उन्हें ले आइए. पत्नी को भी."

घरी जाताना मेट्रोत जयेश उभ्या उभ्या रडला. आपल्याला काहीतरी आहे, आणि त्याला नाव आहे, ह्याचा इतका आनंद होतो हे त्याला माहीत नव्हतं. सुखदालाही त्यानं सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं. "खरंच असं असेल तर मी समजून घेईन," ती म्हणाली. "पण मला खोटी सबब नकोय हं." ती बिचारी मनापासून म्हणाली.

कुमुदिनीबाई नवी साडी नेसून डॉक्टरांकडे आल्या. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून, समोर डॉक्टर. डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, लहानपणी हा कसा होता? वस्तू हरवायचा? एका जागी बसायचा का? शाळेतून तक्रारी यायच्या?

बाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. आणि जयेशला कळलं. हे डॉक्टरांचं ऑफिस नव्हतंच, हा बघायचा कार्यक्रम होता. पंधरा वर्षांपूर्वी सुनेच्या घरच्यांसमोर जे सांगितलं, ते आता त्याच सुनेसमोर कसं फिरवायचं? आणि फिरवलं तर पुढचा प्रश्न येणारच, मग तुम्ही काय केलंत त्यावर?

"बिल्कुल नहीं," कुमुदिनीबाई ताठ बसून म्हणाल्या. "बहुत शांत बच्चा था. एकदम घड्याळ. सब चीज़ अपनी जगह पर. कभी एक शिकायत नहीं आई."

"स्कूल के रिज़ल्ट कार्ड होंगे? टीचर के रिमार्क?"

"घर बदला न, सब चला गया."

डॉक्टर जयेशकडे वळल्या. "आपको ख़ुद क्या याद है?"

जयेशनं आईचे हात पाहिले. पर्सची कडी त्या उघडत होत्या आणि लावत होत्या. एका वाक्याचं काम होतं. आई मला टेबलाला बांधायची, एवढं म्हटलं की झालं. पण ते वाक्य सुखदा ऐकणार होती, आणि त्यानंतर त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात त्या दोघींना राहायचं होतं. सत्तरीच्या बाईला, जी आपल्यासाठी पुणं सोडून ह्या धुरकट गावात येऊन बसली, तिला सुनेसमोर असं उघडं पाडायचं?

"आई म्हणते तसंच," तो म्हणाला.

डॉक्टरांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या की असं असेल तर नक्की काही सांगता येणार नाही. काही आठवलं, काही कागद सापडला तर या. नाहीतर दीड महिन्यानं पुन्हा बघू.

परतीच्या कॅबमध्ये जयेश पुढे बसला आणि त्या दोघी मागे. महामाया फ्लायओव्हरखाली गाडी अडकली. पुढे बस, मागे ट्रक, दोन्हीकडे ई-रिक्षा. ड्रायव्हरला मराठी कळत नव्हतं, म्हणून सुखदा तिथेच बोलली.

"म्हणजे आजार नाही."

"नक्की नाही सांगता येत म्हणाल्या त्या."

"आईंना आठवत नाही, तुला आठवत नाही, कुठे कागद नाही. मग काय आहे, जयेश? पोरीला विसरतोस त्याला काहीतरी नाव असेल ना? मला कुठलंही नाव दे, पण एक दे."

जयेशनं मागं वळून पाहिलं नाही. त्याच्यापुढे दोनच नावं उरली होती. एक, ह्याला मुलीची पर्वा नाही. दुसरं, हा पुन्हा प्यायला लागला. पहिल्या नावाला औषध नव्हतं, केंद्र नव्हतं, माफीही नव्हती. दुसऱ्याची सगळी व्यवस्था ओळखीची होती, आणि ते तिला समजलं असतं, असं तिनं स्वतःच सांगितलं होतं.

"पीत होतो," तो समोरच्या बसकडे बघत म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण म्हणून गेला.

"कधीपासून?"

"दोन महिने. ऑफिसात. थोडी थोडी."

सुखदा ओरडली नाही. ती सासूकडे वळली. "आई, तुम्हाला रोज वास आला नाही?"

जयेशनं आरशात आईचा चेहरा पाहिला. आता ती बोलेल, त्याला वाटलं. ती म्हणेल की हा खोटं बोलतोय, रोज हुंगलंय मी ह्याला, माझ्याइतकं कुणाला माहीत? बाईंनी ओठ हलवले. त्यांनी मुलाला आयुष्यभर एकाच पद्धतीनं सांभाळलं होतं, तो जे म्हणेल त्याला जोड द्यायची. त्याच पद्धतीनं त्या म्हणाल्या, "मला सर्दी होती गं."

"दोन महिने?" सुखदा म्हणाली.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. सुखदानं ऑफिसात बदलीचा अर्ज टाकला आणि रविवारची पुण्याची दोन तिकिटं काढली. अक्षयाला सांगितलं, आजोबांकडे जायचंय. "बाबा नाही येणार?" पोरीनं विचारलं. "बाबांना काम आहे," सुखदा म्हणाली. जयेश हॉलमध्ये झोपायला लागला. संध्याकाळचं गूळ-पाणी बंद झालं. तो आला तरी कुणी दारात येत नव्हतं, कारण आता हुंगायचं काय उरलं होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी तरी ऐकलंय, इथं संन्याशानं स्वतःच दोर गळ्यात घालून घेतला होता, आणि तो आता काढता येत नव्हता. नाही प्यालो म्हणावं, तर दारुडे हेच म्हणतात. आजार आहे म्हणावं, तर आईनंच नाही म्हटलेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शुक्रवारी सुखदा ऑफिसात असताना तो आईसमोर जाऊन बसला. बाई मटार सोलत होत्या.

"आई, तुला माहितीये मी प्यालेलो नाही."

"माहितीये."

"मग बोल ना तिच्याशी."

"तूच बोल. तूच म्हणालास ना पीत होतो?"

"माझं आता कोण ऐकणार? मी दारुडा आहे."

"आणि मी बोलले तर मी कोण ठरणार?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "ती म्हणेल, ह्या बाईनं फसवून लग्न लावलं. आणि पोटच्या पोराला जनावरासारखं बांधलं. म्हणेल की नाही?"

जयेशला आईची दया आली आणि संतापही आला, आणि दोन्हीचं काही करता येईना. तो उठला. बाई मटार सोलत राहिल्या.

शनिवारी संध्याकाळी सुखदा आतल्या खोलीत बॅगा भरत होती. जयेश "दूध आणतो" म्हणून खाली उतरला आणि दुधाच्या बूथवरून सरळ पुढे गेला. कोपऱ्यावर दारूचं दुकान होतं, तिकडच्या भाषेत ठेका. दीड वर्ष तो त्या रस्त्याचा फुटपाथसुद्धा बदलून जायचा. आज नाही बदलला. त्याच्या डोक्यात हिशेब अगदी सरळ होता. पापाची शिक्षा सुरू झालेली होती, पाप तेवढं करायचं राहिलं होतं. मग न करून वाचवतोय काय आणि कोणासाठी? प्यायलं की रात्रीपुरती तरी शांतता मिळेल. हा विचार वेडा होता हे त्यालाही कळत होतं. पण पाय चालत होते आणि ते थांबवायला डोक्यात कुणी रिकामं नव्हतं.

ठेक्याच्या खिडकीपुढे दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइप लावून अरुंद रांग केली होती. एकदा आत शिरलं की मागं माणसं येतात आणि मग पुढेच जावं लागतं. जयेश शिरला. मागं लगेच चौघं-पाचजण आले. त्यानं खिशातून नोट काढून मुठीत धरली. तेव्हा फोन वाजला. सुखदा.

"आई बोलल्या," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी बॅग बंद करत होते, त्या आल्या आणि दारात उभ्या राहून सगळं बोलल्या. तुला टेबलाला बांधायच्या म्हणाल्या. साडीच्या काठानं. चार वर्षं. खरं आहे?"

"हो."

"शाळेतून तक्रारी यायच्या?"

"रोज."

"मग डॉक्टरांसमोर गप्प का बसलास?"

"ती शेजारी बसली होती, सुखदा."

"आणि पीत होतो म्हणालास ते?"

"खोटं."

"का पण? असं खोटं कोण बोलतं?"

रांग एक माणूस पुढे सरकली. मागच्यानं खांद्याला ढकललं. "तूच म्हणालीस ना," जयेश म्हणाला, "प्यायला असतास तर समजलं असतं."

मग सुखदानं विचारलं, "तिथं एवढा गोंगाट कसला? कुठे आहेस तू?"

आता खोटं बोलायला जयेशकडे ताकद उरली नव्हती. "ठेक्याच्या रांगेत."

"प्यालास?"

"नाही. अजून नाही."

"दीड वर्षात एकदाही?"

"एकदाही नाही. आत्ताच आलोय."

"बाहेर पड."

"पडता येत नाही गं. दोन्हीकडून पाइप आहेत आणि मागं माणसं."

"थांब. फोन ठेवू नकोस. मी येते." दार आपटल्याचं ऐकू आलं, मग लिफ्टचं बटण दाबल्याचं, पुन्हा पुन्हा दाबल्याचं, आणि मग जिन्यावरच्या चपलांचा आवाज. चौदा मजले ती पायी उतरायला लागली होती. "बोलत राहा," ती धापा टाकत म्हणाली. "काहीही बोल."

"फार हवीशी वाटतेय," जयेश म्हणाला. हे त्यानं तिला ह्याआधी कधीच सांगितलं नव्हतं. विचारलं की तो 'आता काही वाटत नाही' म्हणायचा, आणि ती मान डोलवायची. "रोज वाटते. ऑफिसात त्या खोलीत तर फार."

"हं. ऐकतेय. बोल."

पण पुढचा माणूस बाजूला झाला आणि जयेश खिडकीपाशी पोचला. जाळीमागून विक्रेत्यानं न बघताच विचारलं, "हाँ भाई, क्या दूँ?" जयेशच्या जिभेवर नाव तयार होतं. हातातली नोट जाळीच्या आत अर्धी गेलीसुद्धा होती.

"काय झालं?" सुखदा फोनवर म्हणाली.

"तो विचारतोय, काय हवं."

चपलांचा आवाज थांबला. ती जिन्यात कुठेतरी उभी राहिली असावी.

"सांग त्याला," सुखदा म्हणाली, "विसरलो म्हणून."

जयेशला आधी कळलंच नाही. मग त्यानं नोट ओढून घेतली. "भाई साहब," तो म्हणाला, "भूल गया."

विक्रेत्यानं मान वर केली. मागून कुणीतरी म्हणालं, "ले, ये तो पीने से पहले ही भूल गया," आणि रांग हसली. जयेश उलटा वळला आणि अंग चोरून, शिव्या खात, लोकांच्या पोटांना आणि कोपरांना घासत त्या पाइपांमधून मागं यायला लागला. आत शिरायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ बाहेर पडायला लागला.

सुखदा रस्त्याच्या कडेला उभी होती, घरातल्या कपड्यांत, स्वेटर न घालता. ती जवळ आली आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन तिनं उघड उघड वास घेतला. लाजली नाही, लपवलंही नाही. मग मागे सरली.

"तिकिटं मी रद्द करणार नाही, पुढच्या रविवारची करून घेईन," ती म्हणाली. "सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. आई येते म्हणाल्यात, त्या त्यांच्या तोंडानं सांगतील. मग डॉक्टर काय म्हणतात ते बघू. मला अजूनही तुझा राग आहे, जयेश. अक्षया त्या खुर्चीवर बसली होती ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही."

"माझ्याही नाही."

दोघं चालायला लागले. बूथवरून जाताना जयेशला दूध आठवलं नाही. सुखदालाच आठवलं आणि तिनंच ते घेतलं.

"सोमवारची वेळ मी लक्षात ठेवीन," लिफ्टपाशी आल्यावर तो म्हणाला. "नक्की ठेवीन."

"नको," सुखदा म्हणाली. "ते मी ठेवते. चाव्या, दूध, अक्षयाचा क्लास, सगळं मी ठेवते. तू एकच ठेव. प्यायचं नाही."